रेल्वेतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडा, आत्ताच

मामांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात स्लॅबचं काम निघालं. पत्रे काढायचे म्हणून घरातलं सगळं सामान अंगणात आलं, पलंग, गाद्या, धान्याच्या कोठ्या, आणि पलंगाखालची ती काळी लोखंडी ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या पेंटनं मामांचं नाव आणि त्याखाली पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) असं लिहिलेलं आहे. भंगारवाला जुन्या पत्र्यासाठी आलेलाच होता. मामांचा मुलगा सहज म्हणला, हीपण देऊन टाकू, त्यात सगळा रेल्वेचा कचराच आहे. मामा एक शब्द बोलले नाहीत. ट्रंकेवर जाऊन बसले. ऐंशीला टेकलेला माणूस भर उन्हात ट्रंकेवर बसून राहिला आणि भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीबाहेर जाईपर्यंत उठला नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा विषय बसलाय आणि आता लिहितोच.

ट्रंकेत काय आहे ते आधी सांगतो. एक हातबत्ती आहे, काळ्या पत्र्याची, पुढं एकच जाड भिंग आणि आत लाल-हिरव्या काचांची फिरती डबी, वरचं टोपण फिरवलं की ज्योतीपुढं लाल काच येते, अजून फिरवलं की हिरवी, अजून फिरवलं की नुसता पांढरा उजेड. हिरवी काच तडकलेली आहे. इतकी वर्षं झाली तरी झाकण उघडलं की रॉकेलचा वास येतो, मी नाक लावून बघितलंय. एक वेताची मोठी रिंग आहे, टेनिसच्या रॅकेटला जाळी नसावी तशी, खाली चामड्याची पिशवी लावायची जागा. पितळेचा बिल्ला आहे, घासून घासून त्यावरचा नंबर बोटालाच लागतो, डोळ्याला दिसत नाही. दोन झेंड्या आहेत, लाल झेंडीला मामींनी तीन ठिकाणी रफू केलेलं आहे. बिस्किटाच्या डब्यात पन्नासेक पुठ्ठ्याची तिकिटं आहेत. एक फाटकं वर्किंग टाइमटेबल, म्हणजे फक्त रेल्वेच्या माणसांसाठीचं वेळापत्रक. क्वार्टरची पत्र्याची नंबरपाटी, जी मामींनी क्वार्टर सोडताना स्वतः खिळे उपटून काढून आणली. आणि १९ डायऱ्या.

मामा १९६७ ला लागले, २००५ ला रिटायर झाले. ३८ वर्षं. लागले तेव्हा कोळशाचं इंजिन, छोटी लाईन म्हणजे अरुंद मीटरगेज रूळ, हातानं ओढायचे सिग्नल. निघाले तेव्हा मोठी लाईन म्हणजे रुंद ब्रॉडगेज, डिझेल आणि स्टेशन मास्तरच्या टेबलावर बटणांचं पॅनल. म्हणजे आपल्या भागातल्या रेल्वेचा सगळा बदल या एका माणसाच्या हाताखालून गेला, आणि त्यातलं जे उरलं ते त्या ट्रंकेत आहे, आणि ती ट्रंक सळया-पत्र्याच्या भावात जाणार होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्यातल्या रेल्वेतल्या जुन्या माणसांकडं जे काही पडून आहे ते आत्ता, ती माणसं बोलती-चालती आहेत तोवर, त्यांच्याकडून समजून घेऊन इथंच जपलं पाहिजे. दिल्लीला नाही, हैदराबादला नाही, इथं. आणि वस्तूच्या आधी माणूस. हे शेवटचं का म्हणतोय ते सांगतो.

ती वेताची रिंग हातात घेऊन मी मामांना विचारलं, ही कशी धरायची. आमच्याकडं एकेरी लाईन, म्हणजे समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमधे टोकनची पद्धत होती. एका स्टेशनच्या मास्तरनं पुढच्या स्टेशनला विचारायचं, लाईन क्लिअर आहे का, पुढच्यानं हो म्हणून त्याच्या मशीनचं हँडल फिरवलं की मगच या मशीनमधून लोखंडी गोळा बाहेर पडायचा, मुठीत मावेल एवढा, आणि एक गोळा बाहेर असला की दोन्हीकडच्या मशीनमधून दुसरा निघायचाच नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही. म्हणजे तो गोळा हाच त्या रुळावरून जायचा हक्क. आता जी गाडी स्टेशनवर थांबत नाही तिला तो द्यायचा कसा, तर गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी रिंगला, आणि पॉइंट्समन रिंग वर धरून प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा. इंजिनातून फायरमन बाहेर वाकून रिंगमधे हात घालणार आणि मागच्या सेक्शनची रिंग खाली फेकणार. रात्री शेजारी मशाल पेटवायची, नाहीतर दिसणार कसं.

हे एवढं मी वाचलेलं होतं. पण मामा उठले, रिंग हातात घेतली आणि म्हणले, "आरं हात ताठ नाही धरायचा. कोपरात ढिला सोडायचा. ताठ धरला की खांदा उखडतो. अन् तोंड गाडीकडं नाही करायचं, कोळशाची कच डोळ्यात जाती. आवाजावर सोडायचं." मग म्हणले, नवीन पोरगा आला की आठ दिवस त्याचा दंड काळानिळा असायचा, घरी बायको शेकून द्यायची. मामी आतून म्हणल्या, "शेकून द्यायची म्हणजे काय, मीठ गरम करून पुरचुंडी लावायची, सांगा की नीट."

कोपरात ढिला सोडायचा, हे रिंगवर कुठंच लिहिलेलं नाही. उद्या मामा गेले आणि रिंग राहिली तर ती नुसती एक वेताची रिंग आहे, कुणी म्हणेल टोपली बनवायची राहिली. काचेच्या कपाटात ठेवून खाली टोकन रिंग असं लिहिलं तरी त्यातलं नव्वद टक्के गेलेलंच असणार. म्हणून म्हणतोय, आधी माणसाला बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग वस्तू घ्या.

गोळा मात्र मामांकडं नाही. मी मुद्दाम विचारलं. तर म्हणले, गोळा हरवला म्हणजे केवढी मोठी चौकशी, नोकरीवर बेतायचं, गोळा कोण घरी आणतो. त्यांच्याकडं जे आहे ते सगळं टाकून दिलेलं आहे, तडकलेली बत्ती, पिशवी तुटलेली रिंग, रद्द झालेलं टाइमटेबल. छोटी लाईन बंद झाली तेव्हा सिग्नलच्या केबिनसमोर ढीग पडला होता, त्यातून उचललेलं. लिव्हर फ्रेम, म्हणजे सिग्नल-सांधे ओढायच्या दांड्यांची चौकट, तर गॅस कटरनं कापून नेली, मामा सांगतात, ज्या लिव्हरला रोज तेल द्यायचो ती डोळ्यासमोर तीन तुकडे करून ट्रकमधे टाकली.

इथं आपण आपल्याशीही खरं बोललं पाहिजे. ती छोटी लाईन जावी असं आपल्यालाच वाटत होतं. आणि बरोबरच वाटत होतं. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमाराला हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेज लाईन झाली, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद सगळं त्या एका लाईनवर. पण पुढं मुंबईची लाईन ब्रॉडगेज, म्हणून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकानं मनमाडला उतरायचं, डोक्यावर बोचकं, काखेत लेकरू, आणि दुसऱ्या गाडीत जागा मिळते का बघायचं. मालाचंही तेच, एका डब्यातनं काढा, दुसऱ्यात भरा, हमाली वेगळी, नासधूस वेगळी. १९७२ च्या दुष्काळात लोक मुंबई-पुण्याला जगायला गेले ते याच लाईननं आणि मनमाडला गाडी बदलून. म्हणून तर स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ब्रॉडगेजसाठी एवढा लढा दिला. १९९० च्या दशकात मोठी लाईन आली तेव्हा आम्ही पोरं स्टेशनवर नाचलोय. त्या आनंदात मागचं काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही. ज्याचा राग होता ते गेलं, चांगलं झालं, असं वाटलं. पण राग लाईनच्या रुंदीचा होता, त्या लाईनवर रात्री-अपरात्री उभं राहून आपल्याला सुखरूप पोचवणाऱ्या माणसांचा नव्हता.

आणि ते गेलं तेही सगळं एकाच वेळी नाही गेलं. पूर्णा-हिंगोली-अकोला पट्टा बराच उशिरापर्यंत मीटरगेज होता. त्यावरून मीनाक्षी एक्स्प्रेस पार जयपूरपर्यंत जायची, पूर्णा, अकोला, खंडवा करत. आजही हिंगोलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मीनाक्षी म्हणलं की डोळे चमकतात. पूर्णा म्हणजे तर रेल्वेचंच गाव. कोळशाच्या इंजिनांचं शेड, मोठी रेल्वे कॉलनी, रात्री कॉलबॉय यायचा दार ठोकून ड्युटीला उठवायला. इंजिनची राख टाकायचे तिथं अर्धवट जळलेले कोळसे वेचायला बायका जायच्या, त्या कोळशावर शेगड्या पेटायच्या. हे सांगणाऱ्या बायका आता सत्तर-पंच्याहत्तरच्या आहेत. त्यांच्याकडं वस्तू नसेल एकही, पण त्यांचं बोलणं हीच वस्तू आहे, ते कुणी घ्यायचं?

लातूरकडं तर वेगळीच गोष्ट. तिथं बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रुळाची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ ला सुरू केलेली, १९११ ला लातूरला पोचली. छोटे रूळ, पण एका आसावर ५ टनाच्या वर वजन येऊ द्यायचं नाही असं बसवलेलं गणित, त्यामुळं हलक्या रुळावरूनही भरपूर माल जायचा, ते बघून जगात दुसरीकडंही तसल्या लाईनी बांधल्या गेल्या. लातूरची आडत वाढली त्यात या लाईनचा वाटा आहे, आणि पंढरपूरच्या वारीला या गाडीच्या टपावर बसून गेलेली माणसं अजून जिवंत आहेत. २००८ पर्यंत कुर्डूवाडी-लातूर मोठी लाईन झाली आणि तो सगळा अध्याय संपला. आज लातूर शहरात फिरताना कुणा पोराला कळेल का, इथं असली गाडी येत होती म्हणून?

मग हे जपायचं कुणी, हा प्रश्न आला की लोक म्हणतात रेल्वेचं म्युझियम आहे की. आहे, दिल्लीला चाणक्यपुरीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, म्हैसूरला आहे, नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं आहे, हुबळीला झालंय. चांगली आहेत, मी दिल्लीचं बघितलंय, लेकरांना घेऊन. पण तिथं मोठमोठी इंजिनं, राजे-महाराजांचे खास डबे. तिथं मामांच्या तडकलेल्या बत्तीला जागा मिळाली तरी ती शंभर बत्त्यांमधली एक बत्ती होणार. परभणीच्या स्टेशनवर ठेवली तर ती या भागात या या माणसानं जपलेली बत्ती आहे. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

अजून एक अडचण आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. मराठवाड्याची रेल्वे ही एका ऑफिसची रेल्वेच नाही. निजामाच्या काळापासून कारभार सिकंदराबादचा. १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली तिचंही मुख्यालय सिकंदराबाद. नांदेड विभाग झाला २००३ ला, पण उदगीर सिकंदराबाद विभागात, लातूर-धाराशिव सोलापूर विभागात, म्हणजे मध्य रेल्वेत. प्रत्येक ऑफिसला मराठवाडा हा आपल्या नकाशाचा कोपरा आहे. कोपऱ्याचा इतिहास कोण लिहितो? सिकंदराबादला लिहितील तर हैदराबादचा लिहितील, सोलापूरला लिहितील तर त्यांचा. यात त्यांची चूक नाही. आपलं आपणच करावं लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

आता मूळ अडचणीवर येतो, जिच्यामुळं बहुतेक पेट्या बंद आहेत. भीती.

मी मामांच्या वस्तूंसाठी एका मोठ्या ऑफिसात जाऊन चौकशी केली होती, तुम्ही घेता का, कुठं ठेवता का. समोरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, हे तुमच्याकडं आलं कुठून? आवाज असा की माझ्या हातापायातलं पाणी पळालं. मी काहीतरी बोलून परत आलो आणि मामांना सांगितलंच नाही. कारण कायदा खरंच कडक आहे. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा १९६६ चा कायदा आहे, त्यात रेल्वेची वस्तू कुणाकडं संशयास्पद सापडली तर ती कायदेशीर मार्गानं आली हे त्यालाच दाखवून द्यावं लागतं आणि पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हा कायदा रूळ, तांबं, फिटिंग चोरणाऱ्या टोळ्यांसाठी आहे आणि तो पाहिजेच. पण १९९० च्या दशकातल्या ढिगाऱ्यातून उचललेल्या तुटक्या रिंगची पावती ऐंशी वर्षांच्या माणसानं कुठून आणायची? तो नाही आणणार. तो पेटी बंद ठेवणार, आणि तो गेल्यावर पोरं गुपचूप भंगारात घालणार, नाहीतर कुणी शौकीन विकत घेऊन जाणार.

विकत घेणारे फिरतातच. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात मी जेवायला थांबलो होतो, काउंटरवर तसलीच हातबत्ती होती, सोनेरी रंग मारलेला, आत एलईडी बल्ब. भिंगाखाली स्टेशनचा कोड कोरलेला होता, त्यावर रंगाचा थर बसला होता, अर्धाच वाचता आला. त्या मालकाचा काय दोष, त्यानं पैसे देऊन घेतली, निदान फेकली तर नाही. पण ती बत्ती कुणाची होती हे आता जगात कुणालाच कळणार नाही. माझा घास खाली उतरला नाही त्या दिवशी.

म्हणून माझी पहिली मागणी रेल्वेकडं आहे आणि ती पैशाची नाही. सहा महिन्यांची, वर्षाची मुदत जाहीर करा. त्या मुदतीत कुणीही रिटायर्ड कर्मचारी किंवा त्याच्या घरचे जुनी वस्तू घेऊन आले तर कुठून आणली हा प्रश्न विचारायचा नाही, रंग-नंबर-फोटो घेऊन लेखी पावती द्यायची, आणि त्या पावतीवर देणाऱ्याचं नाव, हुद्दा, कुठं कुठं काम केलं ते लिहायचं. ज्याला वस्तू द्यायची नाही, फक्त दाखवायची आहे, त्याला फोटो काढून परत द्यायची आणि ती त्याच्याकडं राहू शकते असा कागद द्यायचा. रेल्वे बोर्डात वारसा जपायला वेगळं खातंच आहे, त्यांनी एक परिपत्रक काढलं तर हे होतं. चालू सिग्नलचं सामान, रूळ, तांबं असलं काही आणलं तर अर्थातच वेगळी गोष्ट.

कुणी म्हणेल वस्तू अजून जुन्या होऊ द्या, मग सरकार आपोआप लक्ष घालेल. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा आहे, त्यात साधारणपणे १०० वर्षं जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष. मामांची बत्ती १९७० च्या आसपासची, म्हणजे अजून पन्नास वर्षं थांबायचं. आपल्या घरांमधे वाळवी थांबते का पन्नास वर्षं? मामांच्या १९ डायऱ्यांपैकी दोन वाळवीनं खाल्ल्यात, पानांची चाळणी झालीय. बाकीच्यात काय आहे ते ऐका. १९८३ चा पावसाळा, पेन्सिलनं लिहिलंय: "रात्रपाळी. पाऊस थांबेना. टोकन खाली पडले, चिखलात २० मिनिटे शोधले, गाडी उभी. मास्तर काही बोलले नाहीत." बस एवढंच. रेल्वेच्या कुठल्या रिपोर्टात सापडेल हे? गाडी २० मिनिटं लेट एवढीच नोंद तिथं असणार. चिखलात गुडघ्यावर बसून हातानं गोळा शोधणारा माणूस या डायरीतच आहे फक्त.

सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा आक्षेप मला माहितीये. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, गाड्या कमी, दुहेरी लाईन पूर्ण होईना, आणि तुम्हाला म्युझियम सुचतंय. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, मीही याच गाड्यांनी उभं राहून प्रवास केलाय. पण मी बिल्डिंग मागतच नाहीये. ६ ऑगस्ट २०२३ ला अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांचं एकदम भूमिपूजन झालं, त्यात आपल्याकडचीही स्टेशनं आहेत, कोट्यवधी रुपये खर्च होतायत, नवं तोंड, नवे दिवे, पार्किंग. होऊ द्या, चांगलंच आहे. त्याच कामात वेटिंग हॉलच्या एका भिंतीला एक काचेचं कपाट, कुलूप, आत दोन दिवे. एवढ्या मोठ्या खर्चात त्याचा हिशोबही लागणार नाही. परभणीला एक, पूर्णेला एक, जालन्याला, हिंगोलीला, लातूरला. गाडी लेट असती तेव्हा (आणि ती असतीच) माणूस काय करतो, मोबाईल बघतो, त्याऐवजी दहा मिनिटं त्या कपाटासमोर उभा राहील. शेजारी क्यूआर कोड लावा, मोबाईल लावला की मामांचा आवाज ऐकू येईल, आरं हात ताठ नाही धरायचा.

रेकॉर्डिंगचं काम कॉलेजांनी करावं. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, तिथल्या इतिहास विभागाचं तर स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे. एम.ए. च्या पोरांना प्रोजेक्ट लागतातच. दरवर्षी पन्नास पोरांनी एकेक रिटायर्ड गॅंगमन (रुळाची दुरुस्ती करणारा), केबिनमन (केबिनमधून सिग्नल ओढणारा), खलाशी, गार्ड गाठला आणि दोन-दोन तास बोलतं केलं, तर पाच वर्षांत अडीचशे माणसं होतात. पण पोरांना एक सांगावं लागेल, फक्त मास्तर आणि ड्रायव्हरकडं जाऊ नका. गॅंगमनकडं जा, चावीवाल्याकडं जा, जो रोज पहाटे खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत मैलोनमैल चालायचा. त्याच्याकडं बहुतेक लिहिलेलं काहीच नसेल, सही करण्यापुरतंच अक्षर. त्याचं बोलणं गेलं की सगळंच गेलं. आणि घरातल्या बाईलाही विचारा, कारण लाल झेंडी रफू कुणी केली हे मामांनी मला सांगितलं नव्हतं, मामींनी सांगितलं.

लातूरचं मला फार वाटतं. तिथं मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी झाली, २०१८ ला पायाभरणी, डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. ज्या लातूरला अडीच फुटी गाडी यायची तिथं आता देशाचे नवे डबे बनणार. त्याच फॅक्टरीच्या दारात बार्शी लाईटचं एखादं चाक, एखादा रुळाचा तुकडा, कुर्डूवाडीच्या वर्कशॉपमधल्या रिटायर्ड फिटरांच्या आठवणी, असा एक हॉल का असू नये? नव्या पोरांना कामाला लागताना पहिल्या दिवशी तो दाखवावा.

आणि जुनं म्हणजे निजामाच्या काळातलंच असं कुणी समजू नये. २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत. पहिल्या खेपेला १० वाघिणी (टाकीचे मालडबे), एकीत साधारण ५०,००० लिटर, राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमधे धुऊन आणलेल्या. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली. लोक रात्री स्टेशनवर जाऊन उभे राहिले होते नुसती ती गाडी बघायला. त्या गाडीचं काय ठेवलंय आपण? एक पाईप, एक व्हॉल्व्ह, ज्या ड्रायव्हर-गार्डनं पहिली गाडी आणली त्यांचा ड्युटीचा कागद? दहा वर्षं होत आली, अजूनही ती माणसं सापडतील, अजून तीस वर्षांनी नाही सापडणार.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, बीडला रेल्वे आली. १९९५ ला मंजूर झालेली लाईन, तीस वर्षं वाट बघितलेली. बीडमधे कुणीतरी त्या दिवसाचं तिकीट जपून ठेवलंच असणार. थर्मल कागदाचं असेल तर ते पाच-सात वर्षांत पांढरं फटक पडणार, त्यावरचं काहीच वाचता येणार नाही, म्हणून ज्याच्याकडं असेल त्यानं आजच फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका, गरम मशीनमधून काढलं की थर्मल कागद काळा पडतो. मामांच्या डब्यातली पुठ्ठ्याची तिकिटं मात्र आज छापल्यासारखी आहेत, एका कोपऱ्यात तारखेचा ठसा दाबलेला, बोट फिरवलं की लागतो. पंचिंग केलेला तो छोटा त्रिकोण. परभणी ते मनमाड, दुसरा वर्ग.

स्टेशनांची नावंही बदलली, उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. नावाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, इथं मला फक्त पिवळ्या पाटीबद्दल बोलायचंय. त्या जुन्या पाट्यांखाली उभं राहून लोकांनी लग्नाला जातानाचे, नोकरीला जातानाचे फोटो काढलेत, तीन-तीन पिढ्यांनी. त्या पाट्या नीट उतरवून ठेवल्या पाहिजेत. पाटी ठेवली म्हणून नवं नाव लहान होत नाही आणि पाटी तोडली म्हणून जुना काळ घडलाच नाही असंही होत नाही.

मामांचा मुलगा आता ट्रंकेला हात लावू देत नाही कुणाला. स्लॅब पडला, नवी खोली झाली, आणि त्या खोलीत कोनाडा केलाय ट्रंकेच्या मापाचा. मी दर रविवारी जातो, एक वस्तू बाहेर काढतो, मोबाईल समोर ठेवतो आणि मामांना विचारतो. आतापर्यंत अकरा रविवार झाले. हातबत्तीलाच तीन लागले, कारण हिरवी काच तडकली ती गोष्ट मधेच आली आणि ती सांगताना मामा रडले, ती इथं नाही लिहीत, त्यांनी नको म्हणलंय.

हे कळल्यावर सेलूहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे सासरे केबिनमन होते, अंथरुणाला खिळून आहेत पण बोलतात, माळ्यावर त्यांची पेटी आहे, पंधरा वर्षं उघडलेली नाही, किल्ली सापडत नाही. म्हणाल्या, तोडू का कुलूप? मी म्हणलं तोडू नका, त्या कुलपावरही काही कोरलेलं असेल. येत्या रविवारी कुलूपवाल्याला सोबत घेऊनच जातोय, मामाही येतो म्हणलेत.